बरणी निजेपर्यंत

मामाजी गेले त्या सकाळी मागच्या खोलीतली बरणी बोलत होती.

एवढं एक वाक्य लिहून मी बरेच दिवस थांबले. वाचणाऱ्याला ते खरं वाटणार नाही. म्हणून आधी ती बरणी काय होती आणि तिचं बोलणं काय होतं, ते सांगते.

मामाजी म्हणजे माझे सासरे. सेलूत आमचं किराणा दुकान होतं. समोरच्या भागात माझे यजमान बसत, आणि आत पडद्यामागे एका लाकडी खुर्चीवर मामाजी. ते वैद्य होते. भिंतीवर त्यांचं पिवळं पडलेलं प्रमाणपत्र होतं आणि त्याखाली काचेचं कपाट. आपल्या रोग्यांपुरती औषधं ते घरीच करत. चूर्णं, काढे, लेप आणि वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, एक मोठी बरणी भरून द्राक्षासव.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन त्या घरात आले. गावातल्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागले. माहेरीही मी फार बोलणारी नव्हते, पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसणारी. सासरी तर डोक्यावर पदर आणि मोठ्यांपुढे मान खाली, म्हणजे न बोलायला चांगलीच सवड. सासूबाई मात्र दिवसभर बोलत. त्या म्हणत, "हा बुढा एक मुका, अन् आता सून बी मुकीच आणली. म्या काय भिताडासंग बोलू?"

बहुधा त्या मुकेपणामुळेच मामाजींनी मला पहिल्या वर्षी मागच्या खोलीत बोलावलं.

खोलीत गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा, भरलेलं असे. त्याच्या मधोमध, गळ्यापर्यंत पुरलेली, माझ्या कमरेइतकी उंच चिनी मातीची बरणी. भरण्याआधी मामाजी ती धुऊन, वाळवून, आतून धुपाचा धूर देत आणि तूप फिरवत. मग मनुकांचा आटवलेला काढा गार करून त्यात ओतत. गूळ, थोडा मध, लवंग, दालचिनी, वेलची, पिंपळी. शेवटी धायटीची फुलं. बोर धरणाकडच्या जंगलातून एक बाई फाल्गुनात ती लालभडक फुलं टोपलीभर आणून देई. मामाजी ती सावलीत वाळवून ठेवत. तोंडावर झाकण म्हणून मातीचं पसरट परळ, त्यावर चार पदरी पातळ कापड, सैल बांधलेलं. झालं. बाकी काही करायचं नाही. हलवायची नाही, सरकवायची नाही, त्या खोलीत भांडायचंसुद्धा नाही.

तिसऱ्या पहाटे त्यांनी हाताने कुटार बाजूला केलं, बरणीच्या पोटाला कान लावला आणि मला म्हणाले, "ये. आयक."

मी गुडघ्यांवर बसले. सासऱ्यांच्या समोर असं वाकून बसायचा संकोच वाटत होता. कान लावला आणि संकोच विसरले. आत कुणीतरी सुपात जवस सरकवत होतं. बारीक, न थांबणारा, ओला सरसर आवाज. मधूनच एक मोठा बुडबुडा येई, आणि पुन्हा ती सरसर.

"बोलून राह्यली ना?" मामाजींनी विचारलं.

मी मान हलवली.

"म्या बोलाले नाई लावली तिले. म्या फक्त भरली."

मला किण्वन म्हणजे काय ते ठाऊक होतं. आठवीच्या पुस्तकात त्यावर अडीच ओळी होत्या आणि मी त्या फळ्यावर लिहून दिल्या होत्या. फुलांवर यीस्ट असतं, ते साखर खातं, वायू सोडतं, मद्यार्क तयार होतो. त्या पहाटे त्या अडीच ओळी मला आठवल्या, आणि त्यांनी माझं काहीही समाधान झालं नाही. आम्ही मेलेल्या गोष्टी भरल्या होत्या. सुकलेल्या मनुका, सुकलेली फुलं, उकळलेलं पाणी. आणि तिसऱ्या दिवशी त्यातून कुणीतरी बोलत होतं.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. त्यामुळे मामाजींच्या द्राक्षासवाला गावात थट्टेचा एक वेगळा मान होता. थंडीत खुर्चीभोवती चार म्हातारे जमले की एखादा म्हणे, "वैद्यबुवा, खोकला लय मोठा हाये. चमच्यानं नाई भागत. गिलास काढा."

"मोठ्या खोकल्याले पहिले अडुळश्याचा काढा देतो," मामाजी म्हणत. "कडू जहर. थो पेऊन दाखव, मंग गिलासाचं पाहू."

बाकीचे हसत आणि खोकलेवाला चमच्यावर येई.

पण माझ्याशी बोलताना ते आडपडदा ठेवत नसत. एकदा म्हणाले, "हे मद्यच हाये, बाई. इंग्रजीत वाईन म्हंतेत, आपण आसव म्हंतो. द्राक्ष थेच, साखर थेच. लपवाचं कशाले? माणसानं किती घ्याचं तेवढं त्याले समजलं पाह्यजे." त्यांनी स्वतः ते कधी औषधाव्यतिरिक्त घेतलं नाही. नव्या आसवाचा पहिला चमचाही करणाऱ्याने घ्यायचा नाही, अशी त्यांच्या वडिलांपासूनची रीत होती. तो घरातल्या दुसऱ्या कुणालातरी द्यायचा. बहुतेक वर्षी तो सासूबाईंना मिळे आणि त्या तोंड वाकडं करून म्हणत, "गोड हाये. जरासाक तिखट हाये. झालं समाधान?"

महिना-सव्वा महिन्याने बरणीचा आवाज विरळ होई. सरसर थांबे. मग नुसते सुटे बुडबुडे, मोजता येतील इतके लांब लांब. झोपेत तान्हं लेकरू ओठ चोखतं ना, तसे. आणि एका पहाटे काहीच नाही. तेव्हा मामाजी उठून हात झटकत आणि म्हणत, "निजली." तयार झाली, मुरली, असे शब्द ते वापरत नसत. निजली. त्यानंतर गाळायचं, बाटल्यांत भरायचं, घट्ट बूच लावायचं. बोलत्या बरणीला बूच लावलं तर काय होईल, हे त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

आणखी एक खूण होती. कापड थोडं उचलून पेटती काडी बरणीच्या तोंडात धरायची. आत वायू बनत असेल तर काडी लगेच विझते. बरणी निजली असेल तर ज्योत तशीच उभी राहते. मामाजींनी ती मला शिकवली, पण स्वतः कधी केली नाही. "काडी शिकाऊ माणसासाठी. ज्याले कान हाये त्याले काडी कशाले पाह्यजे?" हे ते अभिमानाने म्हणत, आणि त्यांचा अभिमान तेवढा एकच होता. दिसेनासं झालं तरी चालेल, चालता आलं नाही तरी चालेल, बरणीचं ऐकता आलं पाहिजे.

सात-आठ वर्षं अशी गेली. दर थंडीत पहाटे आम्ही दोघं कुटारात बसत असू, बरणीच्या दोन बाजूंना. एक शब्द न बोलता ऐकत असू. वडिलांशी माझं जेवढं जवळचं नातं नव्हतं, तेवढं त्या गप्प बसण्यात तयार झालं.

मग मामाजींचा रेडिओ मोठा होऊ लागला. ओसरीवर लावला तर रस्त्यापर्यंत ऐकू जाई. नागपूरकडून येणारी एसटी वळणावर कर्कश भोंगा वाजवी, ते मान वर करून पाहत नसत. रोगी समोर बसून बोले आणि ते म्हणत, "आजकालचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतेत. खाल्लेलं अन्न अंगी लागत नाई यायच्या." रोगी आपला आवाज वाढवी. कुणालाच त्यात काही वाटलं नाही. वय झालं, एवढंच.

त्या वर्षी थंडी जास्त होती. बरणी हळू चालली होती. महिना उलटून गेल्यावर एका पहाटे मामाजींनी कान लावला, बराच वेळ तसेच राहिले, मग उठले आणि हात झटकले.

"निजली."

मी त्या बाजूला कान लावूनच होते. आणि आत, लांब लांब अंतराने पण अगदी स्पष्ट, बुडबुडे येत होते. एक. मग थोडा वेळ. मग दोन.

मी वर पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते, चेहऱ्यावर दरवर्षीचं समाधान. मी काही बोलले नाही. सासऱ्यांना, वैद्यांना, इतक्या वर्षांच्या कानाला, कालची शिकलेली सून काय सांगणार? असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. मी बोलले असते तर मला बरणीबद्दल नव्हे, त्यांच्याबद्दल सांगावं लागलं असतं.

गाळताना मी पाहिलं, काही मनुका अजून वर तरंगत होत्या. निजलेल्या बरणीत त्या तळाला बसतात. मामाजी म्हणाले, "दोन-चार राह्यतेतच." मी बाटल्या पुसून त्यांच्या हातात देत गेले. ते बूच ठोकत गेले.

पाचव्या दिवशी दुपारी दुकानात मोठा आवाज झाला. यजमानांना वाटलं, कुणी पोरानं फटाका टाकला. कपाटातल्या एका बाटलीचं बूच काचेवर आदळलं होतं आणि तांबूस, सुगंधी धार खालच्या ओव्याच्या पुड्यांवर उतरत होती. आम्ही ते पुसतोय तोवर दुसरं बूच उडालं. संध्याकाळी एक निवृत्त गुरुजी आले, धोतरावर मोठा डाग घेऊन.

"वैद्यबुवा, तुमचं औषध भिंतीनं पेलं. आता तिचा खोकला बरा होईन, माहा काय?"

दुकानातले सगळे हसले. मामाजींनी फुटलेल्या कपाटाकडे पाहिलं, मग गुरुजींच्या धोतराकडे, मग माझ्याकडे. फक्त एकदाच. मी मान खाली घातली, आणि त्यांना सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पायी निघाले. हातात कापडी पिशवी. ज्या ज्या घरी बाटली गेली होती त्या प्रत्येक घरी गेले. मला बरोबर घेतलं, पिशवी धरायला. दारात उभे राहून ते एकच वाक्य म्हणत: "बाटली वापस द्या. माह्या कानाची चूक झाली." घरचे गडबडून जात. "असू द्या ना वैद्यबुवा, बूच सैल करून ठेवतो." ते म्हणत, "नाई. माहा कान गेला. मले समजलं नाई."

मी आयुष्यात पुष्कळ विद्वान माणसं पाहिली, पुस्तकांतून तर कितीतरी. पण आपला सगळा अभिमान ज्या एका गोष्टीत होता ती गेली, हे घरोघर जाऊन, खाली न पाहता सांगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. त्या दिवशी पिशवी माझ्या खांद्याला काचत होती आणि मला त्यांच्या मागे चालताना देवळात जाताना वाटतं तसं वाटत होतं.

घरी येऊन त्यांनी सगळ्या बाटल्या परत बरणीत ओतल्या. कापड बांधलं. कुटार सारखं केलं. मग माझ्याकडे न पाहता विचारलं,

"तुले आयकू आलतं?"

"हो, मामाजी."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिले. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने ते बरणीपाशी बसले आणि दोन्ही तळवे तिच्या पोटावर ठेवले. म्हणाले, "लाव कान. अन् तोंडानं सांग. मान नको हालवू. मले मान हालवलेली नाई पाह्यजे."

मी कान लावला. मोठ्याने म्हणाले, "बोलते आहे."

"आणखी जोरानं."

"बोलते आहे, मामाजी!"

स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या, "अवं कोण बोलून राह्यलं? घरात आज नवल झालं!"

पुढे बारा दिवसांनी मी "निजली" म्हणाले. त्यांनी तेव्हाही काडी मागितली नाही. माझ्या शब्दावर बाटल्या भरल्या. आणि पहिला चमचा माझ्यापुढे धरला. मनुका, लवंग आणि त्यामागून हळू चढत येणारी ऊब. मी तो घशाखाली उतरवला. तोपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं की गप्प राहून आता चालणार नाही. "चांगलं झालं आहे," मी म्हणाले. "आयकू आलं नाई," ते म्हणाले. मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने.

त्यानंतरच्या सगळ्या थंड्या अशाच गेल्या. ते तळवे ठेवून, मी कान लावून. कधीकधी त्यांना तळव्यांना काही जाणवे आणि ते डोळे मोठे करून माझ्याकडे पाहत. मी सांगेपर्यंत ते स्वतःवर विश्वास ठेवत नसत. दोन हजार सालानंतर त्यांचं चालणं कमी झालं, तरी पहाटे भिंत धरून मागच्या खोलीत येत. शेवटच्या वर्षी दिवाळीनंतर त्यांना ताप होता. बरणी उशिरा, मार्गशीर्षात भरली. ते खाटेवरून सांगत होते, मी भरत होते. धायटीची फुलं मात्र त्यांनी उठून स्वतः ओंजळीने टाकली.

पौषात, पहाटे, झोपेतच ते गेले. बरणी भरून तेव्हा वीस-एकवीस दिवस झाले होते. रडणं सुरू झालं, माणसं जमली, आणि कुणाच्या लक्षात येण्याआधी मी एकदा मागच्या खोलीत जाऊन आले. सरसर चालू होती. ज्याने ती भरवून घेतली तो माणूस ओसरीवर पांढऱ्या कापडाखाली होता आणि इकडे त्याने टाकलेली फुलं आपलं काम करत होती.

तिसऱ्या दिवशी पाहुणे वाढले. वडनेरहून चुलत सासरे आले होते, काकाजी. घरातले आता तेच मोठे. त्यांनी सगळ्या खोल्या पाहिल्या आणि मागच्या खोलीच्या दारात उभे राहून दोन पोरांना हाक मारली. "हे बरणी उचला रे. कुटार काढा. इथं दहा माणसं निजते."

पोरं वाकली. बरणीच्या गळ्याला हात घातला.

सासरच्या एवढ्या वर्षांत काकाजींशी मी "हो" आणि "चहा ठेवू का" यापलीकडे बोलले नव्हते. तिथे यजमान होते, नणंदा होत्या, गावातली चार मोठी माणसं होती. आणि त्या पोरांचे हात बरणीला लागलेले मला दिसत होते. ती आत्ता हलली असती तर मामाजींच्या हातची शेवटची बरणी नासून जायची. आणि मी दुसऱ्यांदा पाहत उभी राहिले असते.

"उचलू नका," मी म्हणाले. "ती अजून बोलते आहे."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. काकाजींना राग आला नाही, त्यांना वाटलं दुःखाने मला काहीतरी झालं. ते समजुतीने वाकले, बरणीला कान लावला. "मले तं काई आयकू नाई येत, बाई."

दारात सासूबाई बसल्या होत्या. तीन दिवसांत त्या फारसं बोलल्या नव्हत्या. घरात तेवढं एकच खरं भयंकर होतं. त्या म्हणाल्या, "तुमच्या भावाले बी नव्हतं येत, भाऊजी. तिले येते. राहू द्या."

म्हणजे एवढी वर्षं बरणी माझ्या कानावर निजत होती, हे त्यांना ठाऊक होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

मी देवघरातून काडेपेटी आणली. कापडाचं एक टोक उचललं, परळ सरकवलं, काडी पेटवून आत धरली. ती आत जाताच विझली, कुणीतरी फुंकर घातल्यासारखी. एका पोराने "बापरे" म्हटलं. काकाजींनी दुसरी काडी स्वतः पेटवली. तीही विझली. ते त्या काळ्या टोकाकडे पाहत पोरांना म्हणाले, "ओसरीवर गाद्या टाका."

तेरावं झालं. पाहुणे गेले. मी रोज पहाटे कुटारात बसत होते, एका बाजूला. समोरची बाजू मोकळी. आवाज विरळ होत गेला. मला वाटे, थोडे दिवस अजून चालू दे. बरणीला काय त्याचं. ती तिच्या गतीने चालली होती.

एका पहाटे काहीच ऐकू आलं नाही. मी दुसऱ्या बाजूला, मामाजी बसत तिथे जाऊन कान लावला. काही नाही. पण मला शब्द उच्चारवेना. माझाही कान गेला असेल तर? त्यांना तरी कुठे समजलं होतं? मग ते ज्याला शिकाऊपणा म्हणत ते मी केलं. काडी पेटवली आणि आत धरली.

ज्योत उभी राहिली. हलली नाही, वाकली नाही. तिच्या उजेडात आतलं आसव दिसलं, काळपट तांबडं, स्वच्छ, एकही मनुका वर नाही. मी पाहतच राहिले. काडी जळत बोटापर्यंत आली, चटका बसला, तेव्हा कुठे टाकली.

चुलीपाशी सासूबाई उठल्या होत्या. त्यांनी काडीचा वास ओळखला असेल. आतूनच विचारलं, "निजली काय वं?"

त्यांना चांगलं ऐकू येत होतं. तरीही मी मोठ्याने सांगितलं.

"निजली, आई."

थोड्या वेळाने त्या दारात आल्या. आता करणारी मी होते. त्यांच्या हातात चमचा होता.